जून १८५८ ची ग्वाल्हेरची लढाई विद्यार्थ्यांकडून उभी करताना

लष्करवासी (प्रश्न) :
आमच्या मराठी मंडळाने येत्या जूनमध्ये एक दिवसाचा कार्यक्रम योजिला आहे. चाळीसेक विद्यार्थी १८५८ च्या लढाईचा प्रसंग उभा करतील आणि त्याआधी सकाळभर त्या काळची छावणी, हत्यारे व पोशाख प्रेक्षकांना जवळून पाहता येतील. मंडळातील काहींना राणी लक्ष्मीबाई नऊवारीत, पाठीशी दामोदररावांना बांधलेल्या अशाच हव्या आहेत. ते इतिहासाला धरून होईल का? शिवाय राणीसाहेबांच्या बलिदानाचा दिनांक १७ जून धरावा की १८, यावरही एकमत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मुरारकर :
पाठीवरचे मूल ही झाशीची आठवण आहे. एप्रिल १८५८ मध्ये राणीसाहेब रात्री किल्ल्यातून निसटल्या, तेव्हाचे ते चित्र लोकांच्या मनात इतके ठसले की पुढे प्रत्येक लढाईला तेच जोडले गेले. ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सरायच्या, म्हणजे राणीसाहेबांच्या शेवटच्या लढाईच्या वेळी दामोदरराव आठ वर्षांचे झालेले होते. एवढे मूल पाठीला बांधून तलवार चालवता येईल का, हे घोडा फेकणाऱ्या कोणालाही विचारून पाहावे. पोशाखाबाबत विष्णुभट गोडसे यांचा आधार घ्यावा, कारण त्यांनी राणीसाहेबांना झाशीत प्रत्यक्ष पाहिले होते आणि पायजमा, अंगरखा व पागोटे अशा पुरुषवेषाचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले आहे. दिनांकाचे म्हणाल, तर इंग्रजी नोंदी १७ जून सांगतात आणि आपल्याकडे १८ जून पाळला जातो. फलकावर दोन्ही लिहावेत.

दौलतगंजची माहेरवाशीण :
मला खरे तर लढाईआधीचे पंधरा-सोळा दिवस अधिक मोलाचे वाटतात, आणि नेमके तेच अशा कार्यक्रमांतून गळतात. १ जूनला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंद्यांचे बरेचसे सैन्य तात्या टोपे आणि रावसाहेब पेशव्यांना मिळाले, स्वतः जयाजीराव व दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याकडे गेले, आणि इकडे ग्वाल्हेरात दरबार भरून नानासाहेबांच्या नावे पेशवाई जाहीर झाली, ब्राह्मणभोजने झडली. तोवर इंग्रज सेनापती ह्यू रोज काल्पीहून निघालाच होता. मुलांना दरबार, पंगत, सैनिकांना वाटला जाणारा पगार असे सारे करू द्या, म्हणजे १६ जूनला ग्वाल्हेरलगतची मुरार छावणी इंग्रजांच्या हाती पडल्याची बातमी त्या पंगतीत कशी येते, हे प्रेक्षकांना आपोआप कळेल. शिंद्यांची बाजू मात्र संकोचापोटी वगळू नका. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्याच दरबारात चाकरीला होते.

कवायतवाला :
मी दोनच व्यावहारिक गोष्टी सांगतो. ठासणीच्या बंदुकीची कवायत दारूशिवायही उत्तम दाखवता येते : काडतुसाचा कागद दाताने फाडणे, दारू नळीत ओतल्याचा अभिनय, गोळी गजाने ठासणे, बार पेटवणारी छोटी धातूची टोपी बंदुकीवर चढवणे. १८५७ चा भडका ज्या चरबीच्या काडतुसांवरून उडाला, ते दातांनी का फाडावे लागत असे, हे ही कृती पाहिल्यावरच नीट समजते. तलवारी लाकडीच असाव्यात. दुसरी गोष्ट उन्हाची. त्या मोहिमेत उष्माघाताने इंग्रजांचे सैनिक कोसळत होते, आणि १७ जूनला ज्यांच्या हल्ल्याबद्दल ८ व्या हुझार या इंग्रज घोडदळाच्या पलटणीतील चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळाले, त्या स्वारांचे हालही काही कमी नव्हते. म्हणून मुलांना लोकरी कोट घालण्याचा हट्ट धरू नये, प्रसंग सकाळी ९ च्या आत संपवावा आणि फूलबागेत राणीसाहेबांच्या समाधीपाशी बलिदान मेळ्याची गर्दी असते, ते दोन दिवस टाळून आधीचा रविवार ठरवावा.