मदत हवी आहे : अकरा महिन्यांच्या लेकीला बिअरच्या बाटलीचा खुळखुळा आलाय. ठेवू की नको?

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात धाकटे दीर लेकीसाठी खेळण्यांचा खोका घेऊन आले. उघडला तर आत बिअरच्या बाटलीच्या आकाराचा कापडी खुळखुळा, फेसाळलेल्या मगाचा सिलिकॉनचा टीदर (दात येताना चावायचं खेळणं) आणि बटण दाबलं की 'हॅलो हॅलो' करणारा खेळातला मोबाइल. सगळे खो खो हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

मग भावोजींनी तिच्या हातात बाटली दिली, आपला पाण्याचा पेला तिला टेकवला आणि 'चिअर्स!' म्हणाले. लेकीने बाटली उलटी धरून तिचं बूड चावायला घेतलं. दात येताहेत, त्यामुळे मऊ दिसेल ते तोंडात. पुन्हा हशा. त्या हशाने तिने बूड तोंडातून काढलं, एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाटली परत उचलली. या वेळी चावायला नाही. नुसती उचलायची, हवेत धरून थांबायचं, आमच्याकडे बघायचं. आम्ही हसलो की आपण खिदळायचं. सहा-सात वेळा तरी हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा पाणी पीत बसला होता. बाईसाहेब रांगत आल्या, स्वतःची दुधाची बाटली त्याच्या पेल्यावर नेऊन आपटली आणि हसण्याची वाट बघत बसल्या. तेव्हा मात्र मला चर्र झालं.

नवरा म्हणतो, "अगं, तिला बिअर कशाशी खातात ते तरी माहीत आहे का? तिच्या लेखी तो खुळखुळाच." हे मला पटतंही. खोटं-खोटं खेळणं साधारण १२ ते १८ महिन्यांच्या सुमाराला सुरू होतं. रिकाम्या कपातून प्यायचं, ठोकळा कानाला लावून बोलायचं वगैरे. बाहुलीला पाजणं, निजवणं त्याच्याही पुढचं. आमची अजून चावण्याच्याच इयत्तेत आहे.

पण कळत नाही म्हणजे डोक्यात काही राहत नाही, असंही नाही ना? अँड्र्यू मेल्टझॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८८ मधला एक प्रयोग वाचला. १४ महिन्यांच्या बाळांसमोर एका मोठ्या माणसाने वाकून कपाळाने पेटी दाबली आणि त्यातला दिवा लावला. त्या दिवशी बाळांना पेटीला हात लावू दिला नाही. आठवड्याने तीच पेटी पुढ्यात ठेवली, तर त्यातली बरीच बाळं वाकून कपाळ टेकवायला लागली! दिवा हाताने सहज लागला असता. माझी त्याहून तीन महिन्यांनी लहान आहे आणि तिने तर आम्हाला एकाच रात्रीनंतर करून दाखवलं.

आता माझीच पंचाईत सांगते. बाटली नको म्हणणारी मी, मोबाइल मात्र आनंदाने ठेवून घेणार होते. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय. आम्ही ते कसोशीने पाळतो, आणि तिने खोटा फोन कानाला लावला की टाळ्या वाजवतो. सासूबाईंची आणखी वेगळी तऱ्हा. बाटली बघून त्यांनी तोंड फिरवलं, पण गेल्या महिन्यात खोट्या लिपस्टिकचा डबा त्यांनीच आणला होता! (तो मी गुपचूप वर टाकलाय. त्या वाचत नाहीत हे.)

बरं, खेळणं काढून घेतलं की प्रश्न मिटला, असंही नाही. माझे वडील सिगारेट ओढायचे. मी चार-पाच वर्षांची असताना खडूचा तुकडा दोन बोटांत धरून, डोळे बारीक करून फू करायचे. राख झाडायची लकबसुद्धा हुबेहूब त्यांची. मला ते खेळणं कोणी आणून दिलं नव्हतं. २००५ मध्ये छापून आलेला एक अभ्यासही हेच सांगतो. २ ते ६ वर्षांच्या १२० मुलांना खेळातल्या दुकानात बाहुलीसाठी खरेदी करायला लावली. जवळपास ६२ टक्के मुलांनी दारू घेतली आणि २८ टक्क्यांनी सिगारेट. ज्यांचे आईवडील ओढणारे, त्या मुलांनी सिगारेट उचलण्याची शक्यता जवळजवळ चौपट होती. म्हणजे मुलं घरातलंच घेऊन दुकानात गेली होती. आमच्या घरी कोणी ओढत नाही, पण नवरा आणि भावोजी अधूनमधून 'बसतात'. मग खुळखुळ्यावर डोळे वटारून मी नक्की काय साधतेय, असंही वाटतं.

दुसरीकडे, तंबाखूच्या बाबतीत जगाने हे पुरेसं गंभीरपणे घेतलंय. २००५ मध्ये लागू झालेल्या तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम १६ मध्ये सिगारेटसारख्या दिसणाऱ्या गोळ्या आणि खेळण्यांवर बंदी घालण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मग भावोजींनी सिगारेटच्या आकाराचा टीदर आणला असता तर आम्ही हसलो असतो का? मला नाही वाटत. बाटलीलाच सूट का?

या वादात खरी धोक्याची वस्तू कोणाच्या नजरेला आली नाही, तेही सांगून ठेवते. रात्री खेळणी धुवायला घेतली, तर त्या मोबाइलच्या मागचं झाकण नखाने उघडलं. स्क्रू नाहीच. आत तीन बटण सेल. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सेल काढले, फोन मुका करून वर ठेवून दिला. बाटलीचं कापडी बूचही एका बाजूने उसवलंय. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ज्या नळीत घालून तपासतात, ती ३.१७ सेंटीमीटर रुंदीची असते. तीत पूर्ण मावणारा तुकडा चालत नाही. हे बूच सुटलं तर आरामात मावेल. तुमच्याकडे असलं काही आलं असेल तर आधी झाकण आणि शिवण बघा, संस्कारांचं नंतर बघू.

तर आता विचारते. ज्यांची मुलं आता मोठी आहेत त्यांनी सांगा, असल्या खेळण्यांचं तुम्ही काय केलंत? मगाच्या टीदरमध्ये सुटं काही नाही, तो तिला आवडतोही. 'चिअर्स' बंद करून नुसता चावायला दिला तर चालेल का? पेल्यावर बाटली आपटली की आम्ही आता हसत नाही, मुद्दाम दुसरीकडे बघतो. पण ती बिचारी तीन-तीनदा आपटते आणि तोंड पाडते, तेही बघवत नाही. अशा वेळी तिला दुसरं काय करायला द्यावं?

आणि सगळ्यात अवघड काम भावोजींचं. मनाने फार चांगले आहेत, पुतणीवर जीव आहे. पण त्या दिवशीचा व्हिडिओ त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय आणि पुढच्या रविवारी ते परत येताहेत. त्यांना न दुखावता 'चिअर्स नको' हे कसं सांगू? नवरा म्हणतो तू सांग, मी म्हणते भाऊ तुझा आहे.