रंधा, अंब्रेला, भंडारदरा: तुमच्याही आठवणी सांगा

आषाढी: माळा आवरताना बाबांची काळी छत्री सापडली. एक काडी मोडलेली. भंडारदऱ्याच्या वाऱ्यात मोडली होती. मी चौथीत. धरण भरून पाणी सोडलेलं, विल्सन धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल सुरू. गोल कातळावरून पाणी चहूबाजूंनी पसरत खाली येतं. आमची छत्री उलटी झाली आणि बाबा म्हणाले, "राहू दे, ती बघ खरी छत्री." बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आज नुसती छत्री घेऊन बसलेय. तुम्ही कधी गेलात? कुठल्याही ऋतूतलं लिहा.

माहेर_राजूर: अगं वाचून डोळे भरले. आमच्याकडे पाहुणे आले की रंधा धबधबा दाखवायचा आणि जाताना पेढे बांधून द्यायचे, ठरलेलं. घोरपडादेवीला नारळ फोडून मगच आई आम्हाला कठड्याशी जाऊ द्यायची.

दोन_पोरांची_आई: राजूरचे पेढे!! कुठल्या दुकानातले चांगले?

माहेर_राजूर: व्यनि (खाजगी निरोप) करते :)

ठाणेकर: आम्ही मे महिन्यात गेलो. रंध्याला थेंब नाही, नुसता काळा कातळ. लेक रडवेला झाला. तिथल्या चहावाल्या मावशींनी सांगितलं की पाणी वरूनच विजेसाठी वळवतात, भरपूर पाऊस झाल्याशिवाय धबधबा दिसत नाही. पण त्याच मावशी म्हणाल्या, रात्री पांजरे गावाकडे जा. गेलो. एक अख्खं सादड्याचं झाड विझत होतं, पेटत होतं, विझत होतं. लेक इतका गप्प कधीच बसलेला नाही. कळकळीने सांगतो, गाडीचे दिवे बंद ठेवा, मोबाईलचा फ्लॅश नको. काजव्यांचे नर-मादी त्या लुकलुकण्यावरच एकमेकांना शोधतात.

प्रवराकाठ: तुम्ही धबधबा बघता, आम्ही धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटतंय ते बघतो. नेवाशाजवळ शेती आहे. १९२६ साली धरण पूर्ण झालं, आजोबा त्या वेळचं सांगायचे. पहिल्यांदा रतनवाडीला गेलो तेव्हा अमृतेश्वराच्या मागे रतनगडाकडून येणारा ओढा पाहिला. हीच आपली प्रवरा नदी, यावर विश्वास बसेना. वाकून पाया पडलो.

दोन_पोरांची_आई: किती छान लिहिलंत दादा. ऊस आहे का?

प्रवराकाठ: ऊस, थोडा कांदा. कांद्याचं विचारू नका ताई.

गारठा: डिसेंबर!! गर्दी नाही, चिखल नाही. तंबूतून पहाटे बाहेर आलो तर तलावावर वाफ आणि समोर कळसूबाई स्वच्छ. थंडी मात्र बेक्कार. दोन स्वेटर न्या, कानटोपी न्याच.

नाव_नको: पावसाळ्यात जाणाऱ्यांनो, शेवाळलेल्या दगडावर एक पाऊलही नको. माझा मित्र असाच घसरला, दुसऱ्याने शर्ट धरला म्हणून आज आहे. फोटो कठड्याच्या आतूनही चांगला येतो.

माहेर_राजूर: अगदी. लहानपणी अशा बातम्या आल्या की घरात जेवण जात नसे.

ठाणेकर: आषाढी, छत्री टाकू नका. स्टेशनबाहेर पावसाच्या तोंडावर दुरुस्तीवाले बसतात, काडी बदलून देतात.

आषाढी: हो? उद्याच नेते. कापड मात्र तेच ठेवायला सांगणार.