जेवणाच्या खोलीसाठी टेबल-खुर्च्या: काच की लाकूड, आणि केवढं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. आमची जेवणाची खोली १० फूट रुंद आणि ११ फूट लांब आहे. एका लांब भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात जायची वाट आहे, ती अडवून चालणार नाही. घरात आम्ही पाच जण, पाहुणे आले की आठ होतो. ह्यांना काचेचं टेबल हवंय, खोली मोकळी दिसेल म्हणून. मला लाकडी आवडतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. उठताना त्या टेबलाच्या कडेवर भार देतात आणि काचेवर तसा भार द्यायची त्यांना धास्ती वाटते. दुकानात आठ जणांचा सेट पाहिला, फार भावला, पण खोलीत कितपत मावेल याचा अंदाज येत नाही. शिवाय दुकानदार सगळ्यालाच लाकूड म्हणतात, त्यातलं खरं लाकूड ओळखायचं कसं?

रंधा

ताई, मी सुतार आहे. टेबलांपेक्षा खुर्च्याच जास्त बनवल्यात, त्यामुळे आधी खुर्चीचं बोलतो. लोक टेबलावर भाळतात आणि खुर्च्या सेटमध्ये येतील त्या घेतात. पण टेबलाला नुसता हात लागतो, खुर्चीवर सगळं अंग टेकतं. तुमच्याकडे तर सासूबाईंची खुर्ची आधी ठरवा, बाकी सगळं तिच्याभोवती बसवा.

त्यांच्यासाठी बैठक जमिनीपासून १८-१९ इंच हवी, आणि कडक हवी. मऊ गादीत माणूस खाली जातो, मग उठताना गुडघ्यांवरच जोर येतो. म्हणून उंची मोजायची ती कोणीतरी बसल्यावर मोजा. खुर्चीला हात हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत. अर्ध्यातच संपणाऱ्या हातांवर रेटा देता येत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही. उठताना आपण पावलं मागे, बैठकीखाली घेतो. पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी खाली असेल तर पाऊल तिथेच अडतं. अशी खुर्ची कितीही देखणी असली तरी त्यांच्यासाठी घेऊ नका.

आता टेबल. उंची साधारण ३० इंच असते, पण फळीखाली चारी बाजूंनी जी उभी पट्टी असते ती मोजा. ती फळीच्या जाडीसकट ४ इंचांची भरली तर खाली २६ इंच उरतात. बैठक १८ इंचांवर असली की मांड्यांना ८ इंच मिळतात, ते पुरतात. हेच माप ६ इंच भरलं की मांड्या घासायला लागतात. खुर्चीचे हातही याच पट्टीला अडतात. हात जमिनीपासून २६ इंचांपेक्षा उंच असतील तर खुर्ची टेबलाखाली सरकणार नाही, कायम बाहेर राहील आणि तुमची वाट खाईल. सासूबाईंची खुर्ची टोकाला, वाटेपासून दूर ठेवलीत तर हा प्रश्नच येत नाही.

मापाचं म्हणाल तर माणशी २४ इंच कड हवी, आणि टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३६ इंच, म्हणजे खुर्ची मागे ओढून उठता येतं. बसलेल्याच्या मागून भांडी घेऊन जायचं असेल तर ४४. तुमची रुंदी १२० इंच. त्यात ३६ इंच टेबल, ४४ इंच वाट, उरले ४० इंच. छान बसतं. लांबी १३२ इंच, दोन्ही टोकांना ३६ सोडले की ६० उरतात. म्हणजे तुमचं रोजचं टेबल ५ फूट बाय ३ फूट. दोन-दोन समोरासमोर आणि टोकाला सासूबाई. आठ जणांचा सेट कायमचा मांडलात तर रोज अंग चोरून वावरावं लागेल. त्यापेक्षा वाढवता येणारं टेबल घ्या. दीड फुटाचं पान, म्हणजे मध्ये बसवायची जादा फळी, घातलं की ७८ इंच होतात, तीन-तीन आणि टोकांना दोन. टोकांना तेव्हा २७ इंचच उरतील, तिथे चपळ माणसं बसवा आणि सासूबाईंना त्या दिवशी लांब बाजूला घ्या. पान घातल्यावर पाय कुठे येतात, ते मात्र दुकानात स्वतः उघडून बघा. काही टेबलांचे पाय जागचे हलत नाहीत आणि नेमके कोणाच्या तरी गुडघ्यासमोर येतात.

पैसे देण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाचं माप मांडा, घरातल्याच खुर्च्या भोवती ओढून ठेवा आणि थोडे दिवस तसेच वावरा. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हे जास्त कळतं.

काठावर

आमच्याकडे काचेचं आहे, टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच, १२ मिलिमीटर. मजबूत आहे, डाग पडत नाहीत. पण प्रत्येक बोट उमटतं, रोज पुसावं लागतं, आणि ताट ठेवल्याचा आवाज घरभर होतो. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक बोथट तुकडे होतात, साध्या काचेसारखे सुरे होत नाहीत, हे खरं. पण तिची कड जपावी लागते, तिथे टणक वस्तूचा फटका बसला तर धोका. तुमच्या सासूबाई कडेवरच भार देतात म्हणून सांगते, काच नुसती पायांवर टेकवलेली असेल तर मी घेणार नाही.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. संध्याकाळी ह्यांना घेऊन वर्तमानपत्रं मांडली. वाटेकडून भरलं पातेलं घेऊन ते स्वतः गेले आणि आठचा सेट नको हे त्यांनीच म्हटलं. काचेचा हट्टही सुटलाय. आता खरं लाकूड कसं ओळखायचं तेवढं सांगा. आणि एका बाजूला खुर्च्यांऐवजी बाक चालेल का?

रंधा

फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरून तोंडावर, म्हणजे फळीच्या कापलेल्या टोकावर, तशाच दिसत असतील तर अख्खं लाकूड. कडेला पट्टी डकवलेली असेल तर आत प्लाय किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी, आहे. प्लायवर विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर वाईट मानू नका, ती फळी वाकत नाही. एमडीएफ मात्र जेवणाच्या टेबलाला नको, कडेतून पाणी शिरलं की फुगतं आणि पुन्हा बसत नाही.

अख्ख्या लाकडाची फळी हवा बदलली की रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून टेबलाखाली वाकून बघा. स्क्रू लांबट भोकात असतील तर करणाऱ्याला काम कळतं. सगळीकडून घट्ट आवळून टाकलेली असेल तर ती फळी पुढे तडकते.

खुर्ची उलटी करून बघायला लाजू नका. बैठकीखाली चारी कोपऱ्यांत लाकडाचे ठोकळे हवेत, आणि तेही स्क्रूने बसवलेले, नुसत्या पिनांनी नव्हे. मागचा पाय आणि बाजूची पट्टी यांचा जोड कुसू घालून, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, केलाय का ते विचारा. मागे रेललं की सगळा ताण त्याच जोडावर येतो, खुर्ची तिथूनच खिळखिळी होते.

बाक वाटेच्या बाजूला ठेवा, जेवण झालं की पूर्ण आत सरकतो. पण त्यावर पाठ टेकता येत नाही आणि मधल्याला उठायचं तर शेजारच्याला उठवावं लागतं. मुलांना चालेल.