विदर्भातला उन्हाळा, कूलर अन् लाइट बिल: आपापले अनुभव लिहा

धागा काढणारा, वर्धा जिल्हा

मागच्या मे महिन्याचं बिल पाहून मी कूलरलाच शिव्या घातल्या. मग हट्टाने महिनाभर रोज रात्री मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं. निघालं भलतंच. कूलर 180 वॅटचा, बारा तास चालला तर सव्वादोन युनिटही खात नाही. पंखे मात्र जुने, 75 वॅटचे, आणि तीन. आमच्याकडे ते वीस-वीस तास फिरतात, म्हणजे रोजचे साडेचार युनिट, महिन्याचे 135. पंख्यांकडे कोणाचं लक्षच नसतं, कारण ते आवाज करत नाहीत. दोन पंखे बदलून 30 वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, बसवले. एका पंख्यामागे महिन्याला 27 युनिट वाचतात. आणि 100 युनिटच्या पुढचा दर चढा असतो, त्यामुळे वाचतात ते महागातलेच युनिट.

तुम्ही काय करता ते लिहा. एसीवाल्यांनीही लिहावं, फक्त आम्हाला हेवा वाटेल इतकं नको.

शेतकरी, दर्यापूरकडचा

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी बैल बी तोंड वाकडं करून पेते. थेच कूलरमंदी टाकतो, दुसरं आनाव कुठून? पंधरा दिवसांत ताट्यांवर, म्हंजे कूलरच्या बाजूच्या वुडवूल भरलेल्या जाळ्यांवर, पांढरा थर चढते, हवा अडते, अन् घरात नुसती घरघर. मेकॅनिक म्हने मोटर गेली. मोटर काई गेली नवती, ताट्या बुजल्या होत्या. पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राह्यते. वरून पाणी भरत गेलं का थे अजून घट्ट होते. आता दर तिसऱ्या दिवशी टाकी पुरी रिकामी करतो. मच्छर बी होत नाई. अन् होळीच्या आधीच ताट्यांत नवं वुडवूल, म्हंजे लाकडाचा भुसभुशीत कीस, भरून घेतो. एप्रिलात गेलं का दुकानदार आपल्याले ओळखत नाई.

गृहिणी, यवतमाळ जिल्हा

विजेचा हिशेब सगळे मांडताहेत. पाण्याचा कोण मांडणार? आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो, तोही अर्धा तास. कूलरची टाकी साठ लिटरची. मे महिन्यात दुपारपासून रात्रीपर्यंत चालवला तर ती एका दिवसात तळाला जाते. मग हापशीवरून गुंड आणायचे, ते कोणी, हे सांगायला नको. बिल नवऱ्याच्या नावाने येतं, पाणी माझ्या कमरेने.

शेवटी मीच नियम केला. कूलर दुपारी एक ते पाच. संध्याकाळी अंगणात सडा आणि बाजा बाहेर. पोरांनी चार दिवस कुरकुर केली, मग चांदण्या मोजायला लागले. सासऱ्यांना बाहेर झोप येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी रात्री दोन तास चालवतो.

आणखी एक. आमच्याकडे कूलर लावला की दार-खिडक्या गच्च बंद करायचे, थंड हवा बाहेर जाते म्हणून. तासाभरात अंथरूण दमट, अंग चिकट. माझ्या भावाने समोरची खिडकी वीतभर उघडली आणि कूलर खोलीतून काढून बाहेरून खिडकीला लावला. बाहेरची कोरडी हवा आत यायला पाहिजे आणि आतल्या ओल्या हवेला वाट पाहिजे, तरच गारवा. इतकी वर्षं आम्ही तीच ओली हवा फिरवत बसलो होतो.

वायरमन, चंद्रपूर जिल्हा

दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणसं जातात. लोखंडी बॉडी, खाली ओली जमीन, अनवाणी पाय. वर थ्री-पिनच्या मोठ्या पिनची वायर जोडलेलीच नाही. ती अर्थिंगची असते. पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, पिनच काढा. टाकीतल्या छोट्या टिल्लू पंपाची वायर पाण्यात बुडून कडक झाली असेल तर बदला, टेप गुंडाळू नका. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, खर्च आहे, पण हा खर्च टाळू नका. मी ज्या घरात हे सांगितलं आणि "पुढच्या वर्षी पाहू" ऐकलं, त्यातल्या एका घरात नंतर मीच कूलर सोडवायला गेलो. पुढचं लिहवत नाही.

घरकुलवाला, भंडारा जिल्हा

आमचं मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर होतं, वर माळा. पाडून घरकुलाचा स्लॅब टाकला. पहिल्याच उन्हाळ्यात आजी म्हणाली, "तव्यावर आणून बसवलं." खरंच, रात्री दोनला स्लॅबला खालून हात लावला तरी कोमट. मार्चमध्ये चुना रात्रभर भिजवून, थोडा फेविकॉल घालून, गच्चीवर दोन हात दिले. आता दुपारी चारला गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं आणि रात्री पंख्याची हवा गरम लागत नाही. पावसाने पोपडे निघतात, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. पांढऱ्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात, हे शेजाऱ्यांचं म्हणणं.

टिनाच्या घरातून, अकोला जिल्हा

टिनाच्या वर हातभर अंतर सोडून तुराट्यांचा मांडव. बाकी काही नाही. वायर अन् चुलीची ठिणगी जवळ नको.

नागपूरजवळच्या गावातून, एसीवाला

हेवा वाटू देत नाही. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की कॉम्प्रेसर उचलतच नाही. उचलला तर दीड किलोवॅट. म्हणून एसी 26 वर ठेवून सोबत पंखा लावतो, आणि एसीही फक्त मृग लागल्यावर, हवेत ओल आली की. तेव्हा कूलर नुसता चिकचिक करतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्हीही कूलरच वापरतो.

धागा काढणारा

यवतमाळच्या ताई, वहीत पाण्याचा रकाना आखला. पहिल्या दिवशी कूलरला सहा बादल्या. त्यातली माझी एक.