कबुतरं पाळणारा सुपारी किलर: तुमचे अनुभव सांगा

भटकी_खार:
सकाळी कपडे वाळत घालत होते तर एक कबुतर कठड्यावर येऊन बसलं, हुसकलं तरी ढिम्म, आणि मला एकदम जिम जार्मुशचा 'घोस्ट डॉग' सिनेमा आठवला. दादाने सीडी आणली होती, म्हणाला सुपारी घेणाऱ्याचा पिक्चर आहे, मला वाटलं ढिशूम ढिशूम असणार. कसलं काय! हा बाबा छपरावर कबुतरं पाळतो, 'हागाकुरे' हे सामुराईंचं पुस्तक वाचतो, गाडी चोरली की आधी स्वतःची सीडी लावतो. मालकाला निरोप कबुतराच्या पायाला बांधून, पैसे वर्षातून एकदाच, शरद ऋतूच्या पहिल्या दिवशी. अर्ध्या तासात दादा घोरायला लागला, मी शेवटपर्यंत टक्क जागी. त्यातला आईस्क्रीमवाला रेमंड आठवतोय? त्याला फक्त फ्रेंच येतं, ह्याला फक्त इंग्लिश, तरी जिगरी दोस्त, आणि एक जण जे बोलला तेच दुसरा पुन्हा आपल्या भाषेत बोलतो, दोघांनाही पत्ता नाही. माझं नि दादाचं हल्ली फोनवर साधारण असंच चालतं :) असो. असे संथ, तिरपागडे हिटमॅनपट तुम्ही कधी, कुणाबरोबर पाहिलेत? लिहा.

उंटावरचा:
मी पहिला! आता मीटिंग आहे, नंतर लिहितो.

जुनी_छत्री:
घोस्ट डॉग आवडला असेल तर त्याचा आजोबा बघाच, फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलचा 'ल सामुराई', 1967. पहिली जवळजवळ दहा मिनिटं कुणी अवाक्षर बोलत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं आवाजच गेलाय, रिमोट आपटून झाला, केबल काढून लावली. त्यातला हिरो आलँ दलाँ पावसात दुसऱ्याच्या गाडीत बसतो, किल्ल्यांचा हा एवढा जुडगा शेजारच्या सीटवर ठेवतो आणि एकेक किल्ली लावून बघतो. नजर समोर, चेहऱ्यावर सुरकुती नाही. नाही लागली, काढून ठेवली, दुसरी. बाहेर काचेवर पाणी ओघळतंय. बास, एवढाच सीन, पण माझ्या तळहाताला घाम फुटला होता. जार्मुशने तो सीन उचलला, फक्त किल्ल्यांच्या जागी यंत्र दिलं. पांढरे हातमोजेही तिकडचेच. आणि पक्षी! दलाँच्या खोलीत पिंजऱ्यात एक होता, ह्याच्याकडे छप्परभर.
गंमत म्हणजे मेलव्हिलच्या सिनेमाच्या सुरुवातीला बुशिदोच्या (सामुराईंच्या आचारसंहितेच्या) पुस्तकातलं म्हणून जे वाक्य येतं ते त्याने स्वतःच रचलंय. हागाकुरे मात्र खरंखुरं पुस्तक आहे.

मी_माझी:
कबुतरांवर उपाय सांगा कुणीतरी प्लीज, एसीच्या मागे घरटं केलंय, वास मारतोय.

गोगलगाय:
जाळी लावून घ्या, दुसरा इलाज नाही.
बाय द वे, मला घोस्ट डॉग बोअर झाला. मारा आता.

उंटावरचा:
आलो. मारायचंच तर बेसिनच्या पाइपातून मारा, हाहा. घोस्ट डॉगमधला तो सीन मूळचा जपानी दिग्दर्शक सुझुकीच्या 'ब्रँडेड टू किल'मधला बरं का, तोही 1967चाच. खाली पाइप उघडायचा आणि नळीतून वर गोळी. आणि घोस्ट डॉगच्या बंदुकीवर पक्षी येऊन बसतो तिथे सुझुकीकडे फुलपाखरू आहे. त्यातल्या हिरोला शिजणाऱ्या भाताच्या वासाने चेव येतो, खोटं नाही सांगत. होस्टेलवर आठ जण बघायला बसलो, शेवटी मी आणि एक रूममेट उरलो, कथा आम्हालाही कळली नाही. सिनेमा काढणाऱ्या निक्कात्सु कंपनीलाही नाही कळली, दिग्दर्शकालाच हाकललं! पठ्ठ्याने कोर्टात खेचलं त्यांना, पण पुढचा सिनेमा थेट 1977 साली. आणि इकडे आम्ही तेव्हा दहावीला एटीकेटी नव्हती म्हणून रडायचो.

जुनी_छत्री:
@उंटावरचा, हसून हसून पुरेवाट. भाताचं कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

निवांत:
हे सगळं माझं बघायचं राहिलंय. मी जार्मुशचाच 'द लिमिट्स ऑफ कंट्रोल' पाहिला, थेटरात. दोन एस्प्रेसो, वेगवेगळ्या कपात, काड्यापेट्यांची अदलाबदल, परत दोन एस्प्रेसो. शेजारचे काका तिसऱ्या काड्यापेटीला उठून गेले. त्या आठवड्यात माझी नोकरी गेली होती, कुठेच घाई नव्हती, त्यामुळे असेल, मला तो माणूस नुसता बसलेला बघून फार बरं वाटलं. परत पाहायची हिंमत नाही झाली, तसं वाटलं नाही तर?
(तो हिरो म्हणजे भटकी_खार यांचा आईस्क्रीमवालाच, इझाक द बांकोले.)

भटकी_खार:
@निवांत, काय सांगता! हे लक्षातच नव्हतं आलं. आणि मिठी.

गोगलगाय:
बरं, एक सीन आवडला होता. छपरावर एक जण एकटाच भलीमोठी बोट बांधतोय, हे दोघं वरून बघतात आणि विचारात पडतात, खाली कशी उतरवणार हा?

जुनी_छत्री:
आणि घोस्ट डॉगच्या मालकाची, लुईची आठवण! लुई सांगतो बंदूक माझ्यावर रोखली होती, घोस्ट डॉगच्या आठवणीत ती घोस्ट डॉगवरच. एकच घटना प्रत्येक जण वेगळी सांगतो ते 'राशोमोन' पुस्तक सिनेमात उगाच नाही हातोहात फिरत.

भटकी_खार:
दादाला हा धागा पाठवला. त्याचं म्हणणं तो घोरतच नव्हता, मी झोपले होते आणि रेमंडचं त्यानेच मला सकाळी सांगितलं.

उंटावरचा:
घ्या, राशोमोन!

मी_माझी:
जाळीवाला उद्या येतोय. घरट्यात दोन अंडी आहेत पण. आता काय करू?