१८ टक्के प्रथिने देऊनही डुकरांची वाढ मंद, चरबी मात्र जास्त. चूक कुठे?

सांवेर_शेड: नमस्कार मंडळी. इंदूरजवळ शेड आहे, लार्ज व्हाईट यॉर्कशायर संकर, सध्या ३० ते ३५ किलोची पिल्ले. १०० किलो खाद्यात मका ४०, गव्हाचा कोंडा ३५, शेंगदाणा पेंड २२, मिनरल मिक्स्चर २.५ आणि मीठ अर्धा किलो. हिशोबाने प्रथिने १८ टक्क्यांच्या वर जातात. तरी वाढ दिवसाला ३५० ग्रॅमच्या पुढे सरकत नाही, पाठीवर चरबी चढतेय आणि शेडमध्ये अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. पेंड अजून वाढवू का?

पशुआहार_इंदूर: पेंड वाढवू नका भाऊ, बदला. तुमचा टक्का बरोबर आहे, पण डुकराला लागते ते लायसीन, म्हणजे प्रथिनांतले एक अमिनो आम्ल, आणि शेंगदाणा पेंडेत ते साधारण १.६ टक्केच असते. सोया डीओसीत (तेल काढलेल्या सोयाबीन पेंडेत) २.८ च्या आसपास. तुमच्या मिश्रणात लायसीन ०.६६ टक्के बसते. २० ते ५० किलोच्या डुकराला ०.९ ते ०.९५ हवे. लायसीन संपले की मांस बनणे तिथेच थांबते. उरलेली अमिनो आम्ले यकृतात मोडतात, त्यांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो, शेडमधला वास त्याचाच. आणि मांसात न लागलेली ऊर्जा चरबीत साठते.

दुसरी अडचण कोंड्याची. त्याची चयापचय ऊर्जा, म्हणजे खाद्यातून अंगाला प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा, किलोमागे जेमतेम २२५० किलोकॅलरी, मक्याची ३३५० च्या जवळ. ३५ टक्के कोंडा म्हणजे खाद्य किलोमागे २८०० वर येते. मोठे डुक्कर जास्त खाऊन ते भरून काढते. ३० किलोच्या पिल्लाचे पोट त्याआधीच भरते.

हे करून पहा: मका ६०, सोया डीओसी २४, कोंडा १३, मिनरल २.५, मीठ ०.५. प्रथिने तेवढीच, १८. पण लायसीन ०.९ आणि ऊर्जा ३०५० च्या वर. दर हजार किलोकॅलरीमागे लायसीन २.९ ग्रॅम पडते. टक्क्यांपेक्षा हे गुणोत्तर धरून चाला. तुमचे सध्याचे २.४ च्या खाली आहे.

५५-६० किलोनंतर मका ६२, डीओसी १४, कोंडा २१. तेव्हा प्रथिने १५ टक्के पुरतात. जास्त दिली तर पैसा लघवीत जातो.

महू_वाला: वरच्या उत्तराला जोड. मिनरल मिक्स्चर गाईचे वापरत असाल तर थांबा. त्यात कॅल्शियम भरपूर, आणि कॅल्शियम वाढले की कोंड्यातल्या फायटेट नावाच्या घटकासोबत जस्त अडकते. पोटाखाली, पायांवर खपली धरलेली जाड कातडी दिसली तर आधी जस्ताची शंका घ्या, खरूज नंतर. मिनरल आणि मीठ आधी ५ किलो कोंड्यात कालवा, मग ढिगात. थेट टाकले तर कुठे मुठभर, कुठे शून्य. मका ३-४ मिलिमीटर जाळीतून भरडा, पीठ करू नका, जठरात व्रण होतात.

सांवेर_शेड: खूप आभार. घरचे सोयाबीन पडून आहे, ते कच्चेच भरडून डीओसीच्या जागी चालेल?

पशुआहार_इंदूर: अजिबात नको. कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिने पचू देत नाही; पिल्ले हगतील आणि वाढ आणखी खुंटेल. नीट भाजून घेतले तर चालते, पण त्यात १८-२० टक्के तेल असते, प्रथिने मात्र डीओसीपेक्षा कमी, त्यामुळे मिश्रण नव्याने बसवावे लागेल. डीओसी घेताना मूठभर उघड्यावर पसरून बघा: फिकट सोनेरी आणि भाजका वास हवा. कच्च्या शेंगेचा वास म्हणजे कमी भाजलेली, तपकिरी म्हणजे करपलेली. करपलेलीत तर लायसीनच निकामी होते. आपल्या माळव्यात सोया प्लँट इतके आहेत की चांगली डीओसी शोधणे कठीण नाही.

महू_वाला: एप्रिल-मेमध्ये डुकरे कमी खातात, कारण पचनाची उष्णताही अंगावर येते. तेव्हा ३ किलो कोंडा काढून तेवढेच तेल घाला, आणि डीओसी २ किलो वाढवून कोंडा तितकाच आणखी घटवा, नाहीतर गुणोत्तर पुन्हा ढासळेल. खाद्य पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. आणि नवे खाद्य एकदम देऊ नका, ४-५ दिवस जुन्यात मिसळत न्या. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले कानामागून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी (तीही मीटरमध्ये), गुणिले ६९.३, म्हणजे वजन किलोत येते. दर आठवड्याला त्याच पाच-सहा डुकरांचे माप घ्या.