ब्रान मॅक मॉर्न: पिक्टांचा हा राजा खरोखर होऊन गेला का?

प्रश्न

अमेरिकन लेखक रॉबर्ट हॉवर्ड यांची १९३२ साली प्रसिद्ध झालेली ‘वर्म्स ऑफ द अर्थ’ ही कथा नुकतीच वाचली. रोमन अधिकारी टायटस सुला एका पिक्टाला, म्हणजे प्राचीन स्कॉटलंडमधल्या एका माणसाला, क्रुसावर चढवतो आणि दूताच्या वेषात आलेला त्याचाच राजा, ब्रान मॅक मॉर्न, ते सारे मुकाट्याने पाहत राहतो, हा पहिलाच प्रसंग मनातून जात नाही. असा राजा इतिहासात होता का, आणि सूड पुरा होऊनही तो शेवटी हरल्यासारखा का वाटतो, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

ब्रान ही सर्वस्वी हॉवर्ड यांची निर्मिती आहे. पिक्टांचा रोमन लेखनातला पहिला ज्ञात उल्लेख इ. स. २९७ चा असून, त्यांचा सर्वांत गाजलेला विजय रोम गेल्यानंतरचा आहे: ६८५ साली बिलीचा मुलगा ब्रिडेई याने नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा एक्गफ्रिथ याला रणांगणात ठार केले. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरलेम्नोच्या चर्चच्या आवारातल्या शिळेवर एक लढाई कोरलेली आहे, तिच्या तळाशी पडलेल्या योद्ध्याला पक्षी टोचतो आहे, आणि अनेक अभ्यासक ती याच लढाईशी जोडतात.

हॉवर्ड यांचे पिक्ट मात्र ठेंगणे, सावळे आणि केल्टांच्याही आधीचे आहेत, कारण हॉवर्ड यांच्या काळी तशी मते प्रचलित होती. आज पिक्टांची भाषा वेल्शच्या, म्हणजे एका केल्टिक भाषेच्याच, जवळची मानली जाते. अ‍ॅबरलेम्नोमधला ‘अ‍ॅबर’, म्हणजे नदीचे मुख, हा शब्द वेल्शमध्येही आहे.

प्रतिसाद २

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला कथेच्या रचनेतच दिसते. ब्रान भूमिगत जमातीचा पवित्र काळा दगड चोरून तळ्यात टाकतो आणि तो परत हवा असेल तर सुलाला माझ्या हवाली करा, असे बजावतो. पण या जमातीला जमिनीखाली हुसकावणारे ब्रानचेच पूर्वज होते. रोम आज पिक्टांशी जसे वागते आहे तसेच पिक्ट एके काळी दुसऱ्यांशी वागले होते, आणि ब्रान मदतीला जातो तो नेमका त्यांच्याच दाराशी. पुढे सुला समोर येतो तेव्हा त्याला वेड लागलेले असते, आणि सूड म्हणून उगारलेली तलवार ब्रानला दया म्हणून चालवावी लागते. हा घाव मला सबंध कथेतला सर्वांत भयंकर क्षण वाटतो.

प्रतिसाद ३

वरील विवेचनाशी सहमत आहे. मात्र ‘किंग्ज ऑफ द नाइट’ ही १९३० ची कथाही अवश्य वाचावी. रोमन काळात नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले, योद्धे आणणे हा ढळढळीत कालविपर्यास आहे, पण ब्रान तिथेच खरा उमगतो. रोमन सैन्याभोवतीचा सापळा पूर्ण मिटेपर्यंत तो हल्ल्याचा इशारा देत नाही, खिंडीत त्याच्याच बाजूचे नॉर्स लोक कापले जात असतात, आणि आयरिश साथीदार कॉर्मक संतापाने पेटून उठतो. क्रुसापुढे मुकाट उभा राहणारा राजा तो हाच.